बदली पिल्लू घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागली नाही. आणलेलं कुत्र्याचं पिल्लू पाचव्या दिवशी पार्वोने (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) गेलं, विकणारा पैसे परत करत नाही, पण "पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वेतातलं पिल्लू देतो, त्याचे पैसे नको" म्हणतो. तुम्ही विचारताय की ते घ्यावं, शेल्टरमधून (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून) मोठा कुत्रा आणावा, की सरळ मांजर पाळावं. 12 वर्षांपूर्वी मी अगदी ह्याच जागी उभी होते. फरक एवढाच की मी कुणाला विचारलं नाही, लगेच हो म्हणून टाकलं.

कुत्रा पाळायला वेळ आहे का, खर्च झेपेल का, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, हे तुम्ही आधीच पाहिलं असणार, त्यावर बोलत नाही. मी पशुवैद्य नाही. औषधोपचाराचं जे काही खाली लिहिते आहे ते आमच्या डॉक्टरांकडून आणि स्वतःच्या अनुभवातून शिकलेलं आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आमचं पहिलं पिल्लू आम्ही फोटो पाहून ठरवलं. विकणारा फोनवर फार गोड बोलला. "एवढ्या लांब कशाला येता, मी अर्ध्या वाटेवर आणून देतो," म्हणाला आणि आम्हाला तो चांगुलपणा वाटला. रस्त्याच्या कडेला गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून पिल्लू काढून त्याने थेट माझ्या लेकीच्या हातात दिलं. लेकराच्या कुशीत पिल्लू गेलं की आईबापांच्या तोंडून प्रश्न फुटत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. पिल्लाची आई आम्ही पाहिली नाही, भावंडं पाहिली नाहीत, ती जागाही पाहिली नाही. चौथ्या दिवशी पिल्लाने दुधाला तोंड लावलं नाही, मग उलट्या, मग रक्ताची जुलाबं. सहाव्या दिवशी ते गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं तेव्हा मागच्या दुधाच्या दाढा हिरडीतून धड वर आलेल्या नव्हत्या. लसीच्या कार्डावर वय 8 आठवडे लिहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, जेमतेम 5 आठवड्यांचं असेल. लसीच्या रकान्यात तारीख होती, पण लसीच्या बाटलीवरचं स्टिकर नव्हतं आणि कुणा डॉक्टरची सहीसुद्धा नव्हती. आधी हातात धरून नीट पाहिलं असतं तर मलाही दिसलं असतं.

आता जी चूक मला सगळ्यात महाग पडली ती सांगते, आणि ती पहिल्या पिल्लाची नाही.

लेक शाळेतून आली की रिकाम्या टोपलीपाशी जाऊन बसायची. अशा दिवसांत त्या विकणाऱ्याचा फोन आला, "वाईट झालं हो ताई, मी तुम्हाला दुसरं देतो." मला वाटलं, माणूस जबाबदारी घेतोय. पैसेही बुडणार नाहीत. पहिलं गेल्याला तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, तोवर दुसरं पिल्लू घरी आलं. बिट्टू. पाचव्या दिवशी त्यालाही तेच झालं.

का झालं, ते डॉक्टरांनी नंतर समजावलं. लागण झाल्यापासून पार्वोची लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, कधी कधी 14 पर्यंत. म्हणजे घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू आजारी पडलं तर ते बहुतेक आजार तिथूनच घेऊन आलेलं असतं. तुम्ही काय खायला घातलं, आंघोळ का घातली, असले प्रश्न विचारून विकणारा दोष तुमच्यावर ढकलेल. मनाला लावून घेऊ नका. आणि ज्या जागी ते आजारी पडलं, त्याच जागी तुमचं "बदली" पिल्लूही वाढतंय.

दुसरी गोष्ट तुमच्या घराची. हा विषाणू फार चिवट आहे. घरात तो काही महिने टिकू शकतो, अंगणातल्या सावलीच्या ओल्या मातीत तर वर्षभरही. साध्या साबणाने, स्पिरिटने, हाताला लावायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. ब्लीच लागतं, साधारण 1 भाग ब्लीचला 30 भाग पाणी. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग हे पाणी लावून किमान 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. टोपली, पांघरूण, खेळणी टाकूनच द्या. मी टोपली जपून ठेवली होती, आठवण म्हणून. त्याच टोपलीत बिट्टूला झोपवलं. हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो.

लस झालेली असली तरी इतक्या लहान पिल्लाला तिचा पूर्ण भरवसा नसतो. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तर लसीचे डोस 6 ते 8 आठवड्यांपासून दर 2 ते 4 आठवड्यांनी देत जातात आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर देतात. "एक लस झाली आहे" ह्या वाक्याचा अर्थ एवढाच की सुरुवात झाली आहे.

बिट्टू वाचला. 7 दिवस सलाईनवर होता. वेळेवर भरती केलं तर बरीच पिल्लं वाचतात, उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक जातात. पण वाचला म्हणजे सगळं ठीक झालं असं नाही. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असतो, ज्यात त्याला जग कळतं. माणसं, मुलं, आवाज, गाड्या, इतर कुत्री. स्कॉट आणि फुलर ह्या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांवर काम करून हे दाखवलं, त्यालाही साठएक वर्षं झाली. बिट्टूचा तो काळ आधी एका बंद खोलीत गेला, मग पिंजऱ्यात, मग आमच्या घरात कोंडून. त्यानंतरची 9 वर्षं तो बेल वाजली की पलंगाखाली जायचा. नवा माणूस दिसला की थरथरायचा. एकदा पाहुण्यांच्या मुलाने पलंगाखाली हात घातला आणि त्याच्या बोटाला दात लागले. त्या दिवसानंतर आम्ही लोकांना घरी बोलावणंच कमी केलं. तुमच्या घरी दोन लहान मुलं आहेत, म्हणून हे इतकं लिहिलं. बिट्टूवर आमचं खूप प्रेम होतं आणि त्याचंही आमच्यावर. पण त्याचं आयुष्य भीतीत गेलं, आणि ते आमच्या एका होकारामुळे.

तर माझं मत, आणि ते कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या: बदली पिल्लू देणं ही जबाबदारी नाही. त्याला पैसे परत करायचे नाहीत आणि तुम्ही गप्प बसायला हवे आहात. जबाबदार माणूस आधी विचारेल, टेस्ट केली का, रिपोर्ट पाठवा, मला बाकीच्या पिल्लांना वाचवायचं आहे. तुमच्या माणसाने विचारलं का?

कागदांबद्दलही सांगते, कारण तुम्ही "रजिस्टर्ड आहे, पेपर्स आहेत" असं मोठ्या विश्वासाने लिहिलं आहे. आमच्याकडेही होते. ते घेऊन मी ज्या कार्यालयाने पिल्लाच्या वंशावळीची नोंद केली होती तिथे गेले. दाताच्या वयाचा डॉक्टरांचा दाखला, टेस्टचा रिपोर्ट, कार्डाची प्रत, सगळं नेलं. म्हणाले, जन्मतारीख मालक लिहून देतो तीच आम्ही नोंदवतो. पिल्लू बघायला कुणी जातं का? नाही. मग तक्रार कुठे करायची? दुसऱ्या टेबलावर. तिथे मूळ पावती मागितली, जी विकणाऱ्याने दिलीच नव्हती. तीन महिने पत्रं लिहिली. प्रत्येक वेळी नवीन कागद हवा असायचा, आणि शेवटी एका ओळीचं उत्तर आलं की हा दोन व्यक्तींमधला खाजगी व्यवहार आहे. त्या तीन महिन्यांत त्याने आणखी किती खोकी डिकीतून काढली असतील, हा विचार मला आजही सोडत नाही. मला माझे पैसे नको होते, त्याच्याकडे कुणीतरी जाऊन बघावं एवढंच हवं होतं. असो. सांगायचा मुद्दा, वंशावळीचा कागद आईबाप कोण हे सांगतो, तेही कुणीतरी लिहून दिलं म्हणून. पिल्लू निरोगी आहे की नाही, आई वर्षातून किती वेळा व्यायली, हे तो सांगत नाही. तुमच्याकडे पावती असेल तर जपून ठेवा, मेसेज पुसू नका, आणि पार्वोच्या टेस्टचा रिपोर्ट आजच दवाखान्यातून लेखी घ्या.

मग घ्यायचं कुठून? माझ्या लेखी जागेच्या नावाला महत्त्व नाही. ब्रीडर (पैदास करून पिल्लं विकणारा) वाईट आणि शेल्टर चांगलं, इतकं सोपं नसतं. घाणेरडी शेल्टरंही मी पाहिली आहेत आणि वर्षाआड एकच वेत घेणारी, नको असलेलं पिल्लू केव्हाही परत घेणारी माणसंही पाहिली आहेत. मी एकच गोष्ट धरून बसते: पिल्लू त्याच्या आईपाशी, ते वाढतंय त्याच जागी पाहायचं, आणि त्या पहिल्या भेटीत घरी आणायचं नाही. मुलांना त्या दिवशी न्यायचंच नाही. आई तुमच्याकडे कशी बघते ते पाहा. ती बुजून कोपऱ्यात जात असेल तर पिल्लंही तेच शिकत असतात. "आई दुसरीकडे असते" म्हणाला की निघा. इंग्लंडमध्ये 2020 साली कायदाच झाला की 6 महिन्यांच्या आतलं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू मधल्या विक्रेत्याने विकायचं नाही. एकतर ज्याने वाढवलं त्याच्याकडून थेट घ्यायचं, नाहीतर दत्तक घ्यायचं. त्यामागचं कारण हेच. डिकीतून पिल्लू देणाऱ्याला आई दाखवता येत नाही.

तुमच्यासाठी मात्र मी मोठा कुत्रा सुचवेन, दोन-तीन वर्षांचा, लस पूर्ण झालेला, आणि शेल्टरच्या पिंजऱ्यातला नाही तर कुणाच्या तरी घरी फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला ठेवलेला. पिंजऱ्यात कुत्रा असतो तसा कळत नाही. कुणी घाबरून गप्प पडून असतो आणि त्याला शांत म्हणतात, कुणी सुटकेसाठी उड्या मारतो आणि त्याला दांडगट म्हणतात. फॉस्टरवाल्या बाईंना विचारा, मुलं धावली की हा काय करतो, खाताना ताटलीजवळ गेलं तर काय करतो, एकटा किती वेळ राहतो. आमची आताची कुत्री अशीच आली. त्या बाईंनी मला तिचे तीन दोष आधी सांगितले, तेव्हाच मी ठरवलं. पूर्ण लस झालेल्या मोठ्या कुत्र्याला पार्वोचा धोका फार कमी, त्यामुळे वर्षभर थांबावंही लागणार नाही. तरी घर आधी ब्लीचने धुवाच.

मांजराचं थोडक्यात, कारण माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्ही विनासायास मिळाली. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ आणखी लवकर, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या दिवसांत कुणी रोज हाताळलं आहे का ते विचारा. पण हाताळलं म्हणून लवकर आणू नका. हेलसिंकी विद्यापीठाने 2017 साली जवळपास 6000 मांजरांची माहिती तपासली, तेव्हा 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त दिसला. त्यांचं म्हणणं 14 आठवडे थांबा. दुमडलेल्या कानांचं मांजर कुणी सुंदर म्हणून दाखवलं तर कृपा करून घेऊ नका. ज्या दोषाने कान दुमडतात तोच दोष सांध्यांच्या कूर्चेतही असतो, आणि ते मांजर दुखणं मुकाट्याने सोसतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यामांजरांबद्दलही माझं मत असंच आहे, त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

एक राहिलं. घरी आत्ता दुसरा कुणी प्राणी आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. मांजर असेल तर तिची लस पूर्ण आहे का ते उद्याच पाहा. कुत्र्यांच्या पार्वोचे हल्लीचे प्रकार मांजरांनाही होऊ शकतात. शेजाऱ्यांकडे लहान पिल्लू असेल तर त्यांनाही आज सांगा, आणि तुमच्या चपला बाहेर ठेवूनच त्यांच्या घरात जा.