फोल्डरच्या यादीत मराठी नावं कापली जातात तेव्हा

हे पाहा भाऊ, सीताबर्डीच्या ऑफिसातल्या त्या सर्व्हरवर रंग-आयकॉन नंतर करा, आधी फाइलींची नावं पूर्ण दिसू द्या. अपाचे या वेब-सर्व्हर प्रोग्रामची फॅन्सी (म्हणजे रकाने पाडलेली) यादी नावाच्या रकान्याला मुळात २३ बाइटच देते. देवनागरीत काना, अनुस्वार, हलन्त सगळे धरून दर चिन्हाला ३ बाइट लागतात. समजा फाइलीचं नाव 'संत्रा-लागवड-माहिती' आहे. नुसत्या 'संत्रा'तच १८ गेले! पुढचं 'लागवड-माहिती' कापलं जाणार, तेही अक्षराच्या मधोमध. मग चौकोन नि प्रश्नचिन्हं दिसणारच.

अपाचेच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलीत) इंडेक्सऑप्शन्सच्या ओळीत फॅन्सीइंडेक्सिंगसोबत 'नेमविड्थ=*' (रकाना हवा तेवढा रुंद) आणि 'कॅरसेट=यूटीएफ-८' (अक्षरांची सांकेतिक पद्धत) द्या. लिनक्सवर कॅरसेट सांगितला नाही तर अपाचे आयएसओ-८८५९-१ धरतो, अन् सगळा मराठीचा चिवडा. फोल्डर आधी दिसावेत म्हणून फोल्डर्सफर्स्टही त्याच ओळीत घाला, बरं पडतं. वर सूचना हवी तर हेडरनेम, खाली रीडमीनेम.

एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (त्या फोल्डरापुरत्या सेटिंग्जच्या फाइलीत) लिहूनही काहीच हललं नाही? मुख्य कॉन्फिगमध्ये अलाउओव्हरराइड (त्या फाइलीला किती मुभा, ते सांगणारी ओळ) 'नन', म्हणजे काहीच नाही, असं असेल. तिथे 'इंडेक्सेस' करा.

इंडेक्सइग्नोरवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यानं नाव फक्त यादीतून जातं; पत्ता ठाऊक असलेला फाइल उघडतोच. पगारपत्रकं त्या फोल्डरात ठेवूच नका.