रात्री नऊचा फोन

*ताई, आम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहतो. मुलगी बारावीत आहे. वेकोच्या बेलर विद्यापीठात जे ऑनर्स कॉलेज आहे, तिथल्या मेरिट स्कॉलरशिपसाठी अर्ज भरतोय. विद्यापीठ ख्रिस्ती, आम्ही हिंदू. ओळखीच्या एका समुपदेशकांनी सुचवलं, की ‘मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये गेले आणि मनाला शांती मिळाली’ असं अर्जाच्या निबंधात येऊ द्या. मी तसा परिच्छेद लिहून दिला, तर मुलगी तो घालायला तयार नाही. ह्यांना तर ‘मिशनरी कॉलेज’च नको आहे. मार्क उत्तम आहेत. डिबेट, टेनिस, रोबॉटिक्स, सगळं आहे. फक्त वेळ पुरत नाही. सासूबाईंची नजर गेली तेव्हापासून, म्हणजे आठवीपासून, रोज रात्री नऊला साताऱ्याला फोन करून त्यांना ज्ञानेश्वरी वाचून दाखवते. तो अर्धा तास मी अर्ज होईपर्यंत बंद केलाय. तिला कसं समजवावं?*

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्या शेवटच्या अर्ध्या तासापाशी थांबले, आणि तिसऱ्यांदा मला तुमचा राग आला.

मी लहानपणी माझ्या आजोबांना पोथी वाचून दाखवायचे. एखाद्या शब्दावर जीभ अडली, की ते डोळे मिटलेलेच ठेवून तो शब्द पुढे करायचे. मग म्हणायचे, ‘आता अर्थ सांग.’ मला येत नसे. पण काहीतरी सांगितल्याशिवाय पुढची ओवी मिळत नसे. शाळेत मी कितीतरी पाठ केलं आणि विसरले. एका शब्दावर थांबून राहायचं कसं, हे मात्र मी त्या ओसरीवर शिकले.

तुमची लेक हे चार वर्षं करते आहे. टेक्ससमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा साताऱ्याला हिवाळ्यात सकाळचे साडेआठ झालेले असतात. आजीचा चहा झालेला असणार, आणि ती फोनची वाट बघत बसलेली असणार. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज दहा धरल्या तरी सगळं वाचायला अडीच वर्षं लागतात. म्हणजे पोरीचं एक पारायण पुरं होऊन दुसरं सुरू असेल. तिकडे वाढलेली मुलगी, जिला मराठी शाळेच्या बाकावर कधी मिळाली नाही, ती सातशे वर्षांहून जुनी मराठी रोज मोठ्याने वाचते, ती मराठी समजणाऱ्या माणसासमोर. ती कितव्या अध्यायावर आहे, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?

आता बेलरचं ऑनर्स कॉलेज कशासाठी आहे ते बघा. 2002 मध्ये ते सुरू झालं. तिथे ‘ग्रेट टेक्स्ट्स’ नावाचा अभ्यासक्रम आहे; होमर, ऑगस्टीन, दान्ते अशा जुन्या लेखकांची पुस्तकं पोरं एकत्र बसून वाचतात, एकेका उताऱ्यावर वाद घालतात. त्याच कॉलेजातल्या ऑनर्स प्रोग्रामच्या मुलांना शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध लिहावा लागतो. अशा ठिकाणी काय घेऊन जायचं, ते तुमच्या घरात रोज रात्री नऊला घडत होतं. ते तुम्ही बंद केलंत, आणि जे घडलंच नाही ते लिहून दिलंत.

तो चर्चचा परिच्छेद आजच्या आज काढून टाका. अशा मोठ्या स्कॉलरशिपसाठी निवडक मुलांना बोलावून मुलाखती घेतात. ‘चर्चमध्ये कोणतं वचन वाचत होते? तुला त्यातलं काय भावलं?’ एवढं कुणी आपुलकीने विचारलं, तरी सतरा वर्षांची पोर काय सांगणार? आणि ज्यांची श्रद्धा खरी आहे, त्यांच्यासमोर खोटी श्रद्धा मांडणं हा त्यांचाही अपमान आहे. तुमच्या मुलीला हे कळलंय, म्हणून ती अडून बसली आहे. तिला समजवायचं काही उरलेलं नाही.

तुमच्या यजमानांना दोन गोष्टी सांगा. एक, बेलरमध्ये प्रवेशासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. मात्र दोन सेमिस्टर चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनासभा, आणि धर्माचे दोन कोर्स सगळ्यांनाच असतात. ते आधी मुलीसमोर स्वच्छ बोलून घ्या. दोन, मिशनऱ्यांनी काढलेलं विल्सन कॉलेज मुंबईत 1832 पासून आहे, आणि हिंदू धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे तिथेच शिकले. पैशाचं म्हणाल, तर मेरिट स्कॉलरशिप दरवर्षी टिकवायला किती ग्रेड लागतात आणि राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरलाय की नाही, हे त्यांचं स्कॉलरशिपचं पत्र हातात पडल्यावर नीट वाचा. बाकी बेलर हवं की नको, हा तुमच्या घरचा निर्णय.

मला एकच गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. आज रात्री नऊला साताऱ्याचा फोन तुम्ही स्वतः लावा. पोरीच्या हातात पुस्तक द्या आणि तिच्या शेजारी बसा. सासूबाईंनी ‘इतके दिवस कुठे होतीस गं?’ विचारलं, तर उत्तर तुम्ही द्या, तिला देऊ देऊ नका. निबंधाचं नाव आठवडाभर काढू नका. मग तिला म्हणा, की ह्या अर्ध्या तासाबद्दल लिही. कुठली ओवी समजायला आठ दिवस लागले, आजीशी कशावरून पटलं नाही, सगळं. तिचं इंग्रजी, तिची वाक्यं. तुम्ही स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही. फोन आधी, निबंध नंतर. हा क्रम उलटा केलात, तर त्या आजीचाही तुम्ही अर्जातला एक रकाना कराल.

आणि ती कितव्या अध्यायावर आहे, ते मला नक्की कळवा.