धडधड थांबली तरी गोळी का? आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आपल्या भाषेत हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडणं, यावर प्रश्न पाठवा म्हणलं होतं. प्रश्न भरपूर आले आणि जवळजवळ एकालाही नुसतं एएफ नाहीये. सोबत बीपी आहे, शुगर आहे, गुडघे आहेत, थायरॉइड आहे. मला पण तसंच आहे म्हणा. मी डॉक्टर नाही, आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलं आणि आता स्वतःचीच गोळ्यांची पिशवी सांभाळते, तेव्हा खाली जे लिहिलंय ते वाचून डोस कमीजास्त करू नका, ते घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा.

प्रश्न : वय ६८, कोथरूड. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला त्यात एएफ निघालं. बीपी आणि शुगर जुनीच. कधीतरी धडधडतं, तासाभरात आपोआप थांबतं. मुलाने बेंगळुरूहून घड्याळ पाठवलंय, ते बहुतेक वेळा सगळं नॉर्मलच दाखवतं. मग रोज दोनदा रक्त पातळ करायची अपिक्साबॅन कशाला? हिरड्यांतून रक्त येतं कधीकधी. त्याऐवजी इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, घेतली तर? आणि आमच्या शेजाऱ्यांना अडीच मिलिग्रॅमची गोळी आहे, मला पाचची का?

काका, तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आली म्हणून जरा सविस्तर लिहिते. अपिक्साबॅन धडधडीसाठी नाहीचे. धडधडीसाठी, म्हणजे ठोक्यांचा वेग आवरायला, तुम्हाला बहुतेक मेटोप्रोलॉल किंवा तसलीच दुसरी गोळी दिलेली असेल. एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात, त्यामुळे डाव्या कप्प्याला जी एक छोटी पिशवी असते तिथे रक्त रेंगाळतं आणि रेंगाळलं की गुठळी व्हायची शक्यता, आणि ती गुठळी सुटली की बऱ्याचदा सरळ मेंदूत जाते. त्यालाच आपण लकवा म्हणतो. एएफ असलेल्याला हा धोका इतरांच्या साधारण पाचपट धरतात. आणि कधीमधी येणाऱ्या एएफमध्ये पण धोका असतोच, कारण सगळेच झटके कळत नाहीत, झोपेत येऊन जातात, दुपारी पेपर वाचताना येऊन जातात. तुमचं स्वतःचं एएफ पण ईसीजी काढला म्हणून कळलं ना, धडधडलं म्हणून नाही! घड्याळाने सकाळी नॉर्मल दाखवलं म्हणजे रात्रभर नॉर्मल होतं असं नाही.

गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर मार्क मोजून ठरवतात. बीपीचा एक, शुगरचा एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ च्या पुढे दोन, आधी लकवा होऊन गेला असेल तर दोन, हार्ट फेल्युअरचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक. पुरुषाला दोन किंवा जास्त मार्क असले की गोळी द्या असंच सांगितलेलं आहे. तुमचे तीन होतात. यात धडधड किती वेळा होते हा प्रश्नच कुठे नाही, बघा.

इकोस्प्रिनचं म्हणाल तर ती सौम्य आहे हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. एएफमधली गुठळी ती नीट अडवत नाही. २०११ साली एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली होती, अपिक्साबॅन विरुद्ध अ‍ॅस्पिरिन, त्यात अपिक्साबॅनवाल्यांना लकवे निम्म्याहून कमी आले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे साधारण सारखाच होता. म्हणजे पोटाला त्रास तोच आणि संरक्षण मात्र तुटपुंजं. स्टेंट वगैरे बसवलेला असेल तर काही काळ दोन्ही देतात, पण ते हार्टवाल्या डॉक्टरांनी ठरवायचं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजने नाही.

पाच आणि अडीचचा हिशोब असा : वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) १.५ किंवा जास्त, या तिन्हीपैकी दोन गोष्टी लागू झाल्या तर साधारणपणे अडीच देतात. शेजाऱ्यांचं तसं काहीतरी असेल. जास्त नको बाबा म्हणून स्वतःच अर्धी करणारे लोक मी काउंटरवर खूप पाहिलेत, त्यात पैसे पूर्ण जातात आणि संरक्षण अर्धवट मिळतं. किडनीची तपासणी मात्र वर्षातून एकदा तरी, आणि तुम्हाला शुगर आहे म्हणून डॉक्टर सांगतील तर सहा महिन्यांनी, करून घ्याच, कारण डोस पुढे त्यावर बदलू शकतो. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, डबल नको. सकाळ संध्याकाळ असं सांगितलंय कारण तिचा असर लवकर उतरतो, दोन दिवस गावाला गेलो आणि विसरलो म्हणजे ते दोन दिवस उघड्यावर.

हिरड्यांचं रक्त आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, मऊ ब्रश वापरा, बऱ्याचदा हिरड्याच सुजलेल्या असतात. पण शी डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, किंवा पडून डोक्याला मार लागला तर वर काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि तोंड वाकडं, हातातला जोर गेला, बोलणं अडखळलं यातलं काहीही झालं तर झोपून बघू बरं वाटतंय का असं अजिबात नको, लगेच १०८, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते तिथे सांगायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते द्यायचं की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न रक्त पातळ करायच्या गोळीचाच असतो.

घड्याळ वाईट नाही. धडधडलं की त्यावर ईसीजी काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, उपयोग होतो. दर तासाला बघत बसाल तर धडधड त्यानेच वाढेल. हार्ट अ‍ॅटॅक मात्र घड्याळाला कळत नाही, छातीत दुखलं तर घड्याळाचं मत विचारू नका. आणि घरचं बीपीचं मशीन एएफ चालू असताना एकदा १५० एकदा १२० असं दाखवतं, ते बिघडलेलं नसतं, ठोकेच कमीजास्त जोराचे पडतात. तीनदा घ्या, सरासरी काढा, तेवढं लिहून ठेवा.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, आम्ही वाकडला असतो. लहानपणी सांध्यांचा ताप आलेला, त्याने व्हॉल्व आकसलाय, आता एएफ पण आहे. अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करायला), डिजॉक्सिन (ठोके आवरायला), लॅसिक्स (अंगातलं पाणी काढायला) चालू. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, कधी १.६ कधी ४. डॉक्टर मलाच विचारतात काय खायला देता. पालेभाजी पूर्ण बंद केली तरी तेच. नवीन गोळ्या निघाल्यात त्या का देत नाहीत?

ताई, आधी नवीन गोळ्यांचं, म्हणजे अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन वगैरे. सांध्यांच्या तापाने मायट्रल व्हॉल्व बराच आकसलेला असेल तर त्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टर जुनाट आहेत म्हणून नाही. २०२२ मध्ये अशाच साडेचार हजार पेशंटचा अभ्यास आला, आपल्या भारतातले पण त्यात होते, आणि नवीन रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या औषधावरचे लोक जास्त जगले. सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं होतं. तर अ‍ॅसिट्रॉमच, आणि आयएनआर साधारण २ ते ३ च्या मध्ये राहील हे बघायचं.

आता जेवण. पालेभाजी बंद करायची नाही, ती सारखी ठेवायची. पालक, मेथी, कोथिंबीर यांच्यातलं व्हिटॅमिन के या औषधाच्या उलट काम करतं, म्हणून भाजी जास्त झाली की आयएनआर खाली आणि एकदम सोडली की वर. आता तुम्ही लिहिलं नाहीये पण मी विचारते, सासूबाई चातुर्मास पाळतात का? श्रावणात पालेभाजी वर्ज्य, मग पुढे थंडीत मंडईत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की रोज मेथी, असं आपल्याकडच्या किती घरांत चालतं, आणि रिपोर्ट वर्षभर वरखाली होत राहतो आणि कोणालाच पत्ता लागत नाही. त्यांचं व्रत मोडायला सांगू नका, उगाच घरात वाद. डॉक्टरांना आधी सांगा की अमुक महिन्यात भाजी बंद होणार, ते त्या महिन्यात आयएनआर लवकर लवकर करून डोस बसवतील. एकादशीला गोळी चुकत नाही ना तेही बघा, पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपास मोडत नाही हे त्यांना त्यांच्या वयाच्या कोणीतरी सांगितलेलं बरं, सुनेचं ऐकतीलच असं नाही.

दुसरी शंका गुडघ्यांची. या वयात गुडघे दुखतातच आणि कॉम्बिफ्लाम प्रत्येक घरात असते. त्यात आयब्युप्रोफेन आहे, ते आणि डायक्लोफेनॅक दोन्ही यांना नको, पोटात रक्तस्राव, किडनीवर ताण, अंगात पाणी साठणं, सगळंच एकदम. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि तीही रोज भरपूर घेतली तर आयएनआर वाढतो, म्हणून विचारून. अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की पण आयएनआर लवकर तपासून घ्या.

आणि एक, खोकला झाला की ज्येष्ठमध चघळायला देतो ना आपण? यांना नको. ज्येष्ठमध पोटॅशियम खाली आणतं, लॅसिक्स पण आणतं, आणि पोटॅशियम खाली गेलं की डिजॉक्सिन विषारी व्हायला लागतं : मळमळ, जेवणावरून मन उडणं, सगळं पिवळट दिसणं, ठोके फार मंद. घरगुती आहे म्हणून कोणी ते डॉक्टरांना सांगतच नाही! तुमच्या सासूबाईंच्या फाइलला पहिलं पान म्हणून एक कागद लावा, सगळी औषधं, काढे, चूर्णं, मलमंसुद्धा, आणि तोच कागद हार्टवाले, हाडवाले, फॅमिली डॉक्टर सगळ्यांपुढे ठेवा. प्रत्येकजण आपापलं बरोबरच देतो, एकत्र काय होतं ते बघायला कोणी नसतं.

प्रश्न : वय ६१, हडपसर. एएफ, शुगर, मेटोप्रोलॉल आणि शुगरची डापाग्लिफ्लोझिन चालू. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालतो, अनवाणी. यंदा बायको नको म्हणते.

दादा, वहिनींचं अर्धं बरोबर आहे. चालणं एएफमध्ये चांगलंच, पण हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, मध्ये दिवेघाटाचा चढ, आणि पालखी पुण्याहून निघते त्या दिवशी बहुधा एकादशीच असते, म्हणजे उपास आणि घाम एकत्र. आधी हार्टच्या डॉक्टरांना दाखवून या, त्यांनी नाही म्हणलं तर नाही. हो म्हणलं तर डापाग्लिफ्लोझिनचं त्या दिवशी काय करायचं ते आवर्जून विचारा, कारण उपाशीपोटी आणि पाणी कमी पडलं तर या गोळीने रक्तात आम्ल वाढू शकतं आणि तेव्हा शुगर फार वाढलेली दिसत पण नाही. बाकीची शुगरची गोळी असेल, ग्लिमेपिराइड वगैरे, तर तिचंही विचारा, उपासात शुगर धाडकन खाली येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मात्र कोणत्याही कारणाने सोडायची नाही.

मेटोप्रोलॉलवर नाडी फार वाढतच नाही, म्हणून नाडी मोजून किती दमलो हे कळणार नाही. अभंग म्हणता येतोय का बघा, शब्द तुटायला लागले की बाजूला बसा. चक्कर आली किंवा छातीत भरून आलं तर तिथेच थांबायचं, सासवड पुढच्या वर्षी. आणि अनवाणी नको हो. शुगरने पायाची जाणीव कमी होते, फोड आलेला कळत नाही आणि मग महिनोन् महिने ड्रेसिंग. माउली बुटातल्या पायांना पण पुढे घेतात. घाट सोडून हडपसरपर्यंतच चाललात तरी काही बिघडत नाही, घरच आहे तुमचं तिथे.

प्रश्न : वय ४४, विमाननगर, आयटीत आहे. थायरॉइडची गोळी कितीतरी वर्षं घेतेय. वजन उतरावं म्हणून डोस थोडा वाढवून घेत होते, आता एएफ निघालंय. संबंध आहे का?

आहे, आणि चांगलाच. थायरॉक्सिन (तुमच्या थायरॉइडच्या गोळीतलं औषध) जास्त झालं की टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, खाली जातो आणि त्याने एएफ सुरू होऊ शकतं. लगेच टीएसएच करा आणि जास्तीचा डोस घेत होतात हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते ओरडले तर ओरडू देत, नाहीतर ते दुसरीच कारणं शोधत बसतील. डोस जागेवर आला की बऱ्याच जणांचं एएफ आवरतं, काहींचं राहतं. ठोके नियमित ठेवायची एमिओडॅरोन लिहून दिली तर तिच्यात आयोडीन खूप असतं, थायरॉइडवाल्यांना ती जपून देतात, तेव्हा थायरॉइड आहे हे सांगितल्याशिवाय घेऊ नका. वजन मात्र खरंच उतरवा, पण खाण्याने आणि चालण्याने. जाड माणसाने वजनाच्या दहा टक्के उतरवून ते टिकवलं तर एएफचे झटके कमी होतात हे अभ्यासातून दिसलंय. घोरत असाल तर झोपेची तपासणी करा, आणि वीकेंडची दारू आधी बंद.

प्रश्न : आईच्या गोळ्या आठवड्याच्या डब्यात भरून ठेवते. रक्त पातळ करायची डाबिगाट्रानची कॅप्सूल पण. चालेल ना?

नाही. ती ओल धरते, पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. घ्यायच्या वेळी पाकिटातून काढायची, फोडून पावडर दुधात मिसळून तर कधीच द्यायची नाही. डब्यातल्या त्या खणात एक चिठ्ठी ठेवा, "पाकिटातली घे".

प्रश्न : दाढ काढायचीय, पातळ करायची गोळी किती दिवस आधी बंद करू?

स्वतःहून एकही दिवस नाही. साध्या एका दाढेला बऱ्याचदा बंद करावीच लागत नाही, फार तर त्या सकाळची पुढे ढकलतात. दातांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवा, हार्टच्या डॉक्टरांचा नंबर द्या, ते दोघं बोलून घेतील. अपॉइंटमेंट सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, रविवारी रक्त थांबेना झालं तर दवाखाना उघडा मिळत नाही.