मार्चअखेर, साडेअकरा लाख आणि तुमची सही

डॉक्टर, प्रश्न दोनदा वाचला. उपजिल्हा रुग्णालयात अधीक्षक म्हणून चार महिन्यांपूर्वी रुजू झालात, खरेदी समिती पदाबरोबरच गळ्यात आली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, साडेअकरा लाख आले आणि ३१ तारखेच्या आत खर्ची पडले नाहीत तर परत जाणार. हेडक्लार्क म्हणतोय, "सर, सह्या करून टाका, माल एप्रिलमध्ये येतोच." शिवाय एका पुरवठादाराने घरी काजूकतलीचा डबा पाठवलाय. काय करू, असं विचारलंत.

मी औषध निर्माण अधिकारी म्हणून तीस वर्षं काढली, शेवटची अकरा औषध भांडारात. एका चौकशीला सामोरा गेलो, निर्दोष सुटलो. पण त्या दीड वर्षात बायकोसुद्धा जरा वेगळ्या नजरेने बघायची. त्यामुळे पुढचं थोडं कडवट वाटलं तर समजून घ्या.

आधी हेडक्लार्कबद्दल. तो चोर असेलच असं नाही. त्याने वीस वर्षं पाहिलंय ते एवढंच, की निधी परत गेला की पुढच्या वर्षी वरून विचारतात, "गेल्या वेळी खर्च करता आला नाही, आता कशाला मागता?" त्याची भीती खरी आहे. पण निधी परत गेला म्हणून निलंबित झालेला अधिकारी मी तरी पाहिला नाही. खोट्या प्रमाणपत्रावर झालेले तीन पाहिलेत, आणि तिघांतल्या दोघांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता.

ते प्रमाणपत्र म्हणजे बिलाच्या पाठीमागचा रबरी शिक्का. "सदर साहित्य सुस्थितीत प्राप्त झाले असून साठा नोंदवही पान क्र. ___ वर नोंद घेण्यात आली आहे." शिक्का रोजचा, म्हणून कुणी वाचत नाही. माल एप्रिलमध्ये येणार आणि शिक्क्याखालची तुमची सही ३० मार्चची, एवढ्यावर प्रकरण उभं राहतं. पुरवठादाराचं डिलिव्हरी चलन, गेटवरची नोंद, ई-वे बिलाची तारीख, नोंदवहीचं पान, हे चार कागद शेजारी ठेवायला लेखापरीक्षकाला दहा मिनिटं लागतात. आणि "चेक काढून कपाटात ठेवू, माल आला की देऊ" हा जो दुसरा मार्ग तुम्हाला सुचवतील, तोही नको. ताबडतोब वाटायची नाही अशी रक्कम कोषागारातून काढणंच नियमात बसत नाही.

मग साडेअकरा लाखांचं काय? चालू दरकरारावरच्या वस्तू बघा, जीईएमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर, काय दहा दिवसांत पोचतं ते बघा, आणि जे खरोखर २८-२९ तारखेपर्यंत दारात येईल तेवढ्याचाच आदेश द्या. उरेल ते समर्पित करा, म्हणजे शासनाला रीतसर परत करा. सोबत एक पत्र जोडा की अनुदान अमुक तारखेला मिळालं, एवढ्या दिवसांत एवढीच खरेदी नियमानुसार शक्य होती. त्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. एका वस्तूची मागणी तीन आदेशांत तोडून प्रत्येक आदेश विनानिविदा खरेदीच्या मर्यादेच्या आत बसवायचा सल्लाही मिळेल. तुकडे पाडलेली खरेदी तारखांवरूनच ओळखू येते.

आता खरा मुद्दा. तुम्ही नवीन आहात म्हणून तुमचं सगळं लक्ष दरावर असणार. माझंही होतं. पण दर कागदावर असतो, माहिती अधिकारात कुणीही मागू शकतो, शेजारच्या जिल्ह्याशी ताडू शकतो. हुशार माणूस दरात खात नाही. तो आधी निविदेतल्या तांत्रिक तपशिलात खातो आणि नंतर आवकेत, म्हणजे माल ताब्यात घेताना.

आवकेचं एक उदाहरण सांगतो, माझ्याच भांडारातलं. कापसाचे २०० रोल आले, प्रत्येकी ५०० ग्रॅम निव्वळ. निविदा रीतसर, दर सर्वांत कमी, समितीच्या सह्या पूर्ण. मीही रोल मोजून जमा करून घेतले. तीन आठवड्यांनी प्रसूती कक्षातल्या सिस्टर म्हणाल्या, "या खेपेला कापूस पुरतच नाही हो." मी हसण्यावारी नेलं. पुन्हा म्हणाल्या तेव्हा त्यांच्याच कक्षातला, बाळांचा वजनकाटा घेतला आणि एक रोल निळ्या कागदासकट ठेवला. ४२० ग्रॅम. दुसरा ४१५. वीस रोल ठेवले, एकही ४३० च्या वर गेला नाही. म्हणजे रुपयाला सोळा पैसे गायब, आणि फाइल आरशासारखी स्वच्छ. पुरवठादार म्हणाला, साहेब, उन्हाळ्यात कापूस सुकतो! गॉजच्या थानाचंही तेच. लांबी कोण मोजतो? हातमोज्यांच्या शंभराच्या डब्यात शंभर आहेत का हे कोण बघतो? तेव्हापासून प्रत्येक खेपेतले पाच-दहा नग उघडून मोजायचे, वजन करायचं आणि नोंदवहीत आकडा लिहायचा हा माझा नियम झाला. पुढच्या निविदेला तो पुरवठादार आलाच नाही, आणि त्याच्यावर काही कारवाईही झाली नाही, हेही सांगून टाकतो.

औषधांत हाच ढिलेपणा जिवावर बेततो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा, डोळ्यातला दाब कमी करायला दिलेलं औषध, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंतची साखळी उघडी केली. आमच्या पिढीच्या फार्मासिस्टला तो अहवाल पाठ असायचा, आताच्या मुलांना नावही माहीत नसतं. आणि हे जुनं झालं म्हणावं, तर नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचं २०२३ मध्ये तपासणीत निघालं. तेव्हा स्थानिक खरेदीची औषधं घेताना बॅचनिहाय तपासणी अहवाल मागा, मुदत बघा. मार्चमध्ये मुदत संपत आलेला माल सरकारी रुग्णालयांकडे ढकलायची पद्धत आहे. ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीवर, नोंद त्याच दिवशी करा, "नंतर भरू" म्हटलं की ती राहते.

औषधखरेदीसाठी तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. तिथे नमुने प्रयोगशाळेत जातात ते उत्पादकाचं नाव काढून, सांकेतिक क्रमांक घालून. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक, त्यात औषधांची रक्कम. आपल्याकडे २०१७ मध्ये हाफकिन या राज्य शासनाच्या औषधनिर्मिती महामंडळाकडे खरेदी दिली, मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. गाडी रुळायला वेळ लागतो, तोवर स्थानिक खरेदी तुमच्याच डोक्यावर.

तपशिलाचं थोडक्यात. प्रयोगशाळेसाठी ॲनालायझर, म्हणजे रक्ततपासणीचं यंत्र, घ्यायचं चाललंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. यंत्र स्वस्तात देतील, कधी फुकटही देतील. त्यात फक्त त्यांचंच रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, चालतं की नाही, हे आधी विचारा. पाच वर्षांचा रिएजंटचा आणि देखभाल कराराचा खर्च निविदेतच मागा आणि त्या बेरजेवर एल-१, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, ठरवा. आणि तपशील पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून उतरवलेला असेल तर वाचताक्षणी कळतं. यंत्राचं वजन ३७.५ किलोच हवं, असा हट्ट कुठल्या रुग्णालयाला असतो?

तीन दरपत्रकं आली की ती टेबलावर शेजारी मांडा. एकदा माझ्यासमोर तीन वेगवेगळ्या फर्मची पत्रकं होती आणि तिन्हींत "निर्जंतुक" हा शब्द "निरजंतूक" असा लिहिलेला. कागदही एकाच गठ्ठ्यातला. जीएसटी क्रमांक आणि पत्ते बघितलेत तर बरंच काही आपोआप उलगडतं.

पण एक गोष्ट उलट बाजूची. हे सगळं वाचून फाइलीच अडवून बसू नका. भीतीपोटी काहीच न घेणारा अधीक्षक मी पाहिलाय. त्याच्या काळात नातेवाईक चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये रांग लावायचे, आणि त्याची फाइल मात्र निष्कलंक. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडला शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले तेव्हा औषधटंचाईचा विषय पुन्हा निघाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शिवाय पुरवठादारांची बिलं वेळेत काढा. दीड-दीड वर्षं पैसे थकले की प्रामाणिक माणूस निविदा भरायचं सोडतो. उरतात ते, ज्यांनी वाट बघण्याचा खर्च आधीच दरात आणि वजनात धरलेला असतो.

वरून फोनवर "अमक्याचं घ्या" असा आदेश आला तर वाद घालू नका. त्याच दिवशी ईमेल करा, "आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार... कृपया लेखी कळवावे." दहापैकी आठ वेळा पुढे उत्तर येत नाही. समितीत तुमचं मत वेगळं असेल तर टिपणीवर दोन ओळी लिहा आणि मगच सही करा.

डब्याचं: परत पाठवा, शिपायाच्या हातून, वर एक ओळ लिहून, आणि पोचची सही घ्या. सरकारी कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेत आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, पण त्याला हे सुनावायची गरज नाही. उद्या डब्याच्या जागी पाकीट आलं तर लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४.

आणि २८ तारखेला कापसाचा टेम्पो येणार असेल, तर सिस्टरना आदल्या दिवशीच सांगून वजनकाटा मागवून ठेवा. ऐन वेळी तो मोकळा नसतो.