रात्री दोनचा फोन

प्रश्न : माझे मिस्टर आयशर चालवतात. पिंपळगावहून टोमॅटो भरून रात्री वाशी मार्केटला जातात. दोनच्या सुमाराला झोप यायला लागली की मला फोन लावतात आणि कानात हेडफोन घालून म्हणतात, "तू बोलत राहा." मी शेजारणीच्या भांडणापासून पोरीच्या गणितापर्यंत काहीबाही बोलत राहते. परवा ते मधेच गप्प झाले. तीन हाका मारल्यावर नुसतं "आं?" म्हणाले. तेव्हापासून धडकी भरलीय. काय करू?
– एक भगिनी, ता. निफाड

उत्तर : ताई, ते "आं" माझ्या ओळखीचं आहे. मी एकतीस वर्षं स्टिअरिंगवर काढली. एकदा कांदा भरून खंबाटकी उतरलो होतो. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, त्याच्या मामाच्या बैलाची गोष्ट सांगत होता आणि मी "हं, हं" करत होतो. एकदम चाकाखाली खडी करकरली, डावा आरसा कशाला तरी लागून फुटला, तेव्हा भानावर आलो. मी झोपलो होतो हे किन्नरलाही कळलं नव्हतं, कारण माझा हुंकार चालूच होता. बैलाचं पुढं काय झालं, ते आजही मला माहीत नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या बोलण्यानं त्यांची झोप जात नाही. जागे आहोत असं त्यांना नुसतं वाटत राहतं. शिवाय निम्मं लक्ष तुमच्याकडे. साठच्या वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी ५० मीटर आपल्या मनानं जाते. पहाटे दोन ते पाच हा तर शरीराचा झोपेचाच वेळ. तंबाखूची गोळी, खिडकीचा वारा, मोठ्यानं गाणी, मी सगळं करून पाहिलंय. पाच-दहा मिनिटं टिकतं.

डुलकीवर झोप हेच औषध. आधी कपभर चहा पिऊन लगेच आडवं व्हायचं. चहा अंगात चढायला अर्धा तास लागतो, तोवर वीस मिनिटं डोळा लागलेला असतो. पण गाडी ढाब्यावर किंवा पंपाच्या आवारातच लावायची, रस्त्याकडेला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धीवर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर मिनीबस मागून आदळली आणि १२ जण गेले.

आता खरं दुखणं. दुपारी गाडी भरताना तुमचे मिस्टर काय करतात? क्रेट मोजत उभे राहत असणार. ते काम शेठच्या माणसाचं. ड्रायव्हरनं त्या वेळात झोपायचं असतं. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलं होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. एका गाडीच्या मालकाकडे असले नियम कोण पाळतं, हे मी सांगायला नको. उशीर झाला की भाव पडतो आणि भाव पडला की शिव्या ड्रायव्हरला. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केली, चांगलं झालं. पण गार केबिनमध्ये जागलेल्या माणसाला झोप जास्तच गोड लागते! तेव्हा शेठशी एकदा बोलायला हवंच. एकट्यानं बोलू नका, त्याच मार्केटला जाणारे चार ड्रायव्हर मिळून बोला.

तुमचा फोन मात्र बंद करू नका, त्याची वेळ बदला. झोप यायला लागली की कसाऱ्याचा घाट उतरायच्या आधीच गाडी लावून त्यांनी तुम्हाला मिस कॉल द्यायचा. पंचवीस मिनिटांनी तुम्ही फोन करून उठवायचं. उठल्या उठल्या चावी फिरवू देऊ नका. तोंड धुऊ द्या, गाडीला एक फेरी मारून टायर बघू द्या. त्या दहा मिनिटांत पोरीच्या गणिताचं काय ते सांगा.