करंजगावचे डांगे आणि वारशाची वाटणी

प्रश्न : कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे हे आपल्या निफाड तालुक्यातील करंजगावचे. माझ्या मुलाने वक्तृत्व स्पर्धेसाठी त्यांच्यावर भाषण लिहिले असून, २०१८ साली नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च हा त्यांचाच वारसा असल्याचे त्यात म्हटले आहे. हे बरोबर आहे का? तसेच डांगे यांच्या पत्रांचा वाद आणि आणीबाणी यांविषयी त्याने बोलावे की टाळावे? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : लाँग मार्चचे वाक्य बदलावे लागेल. ६ मार्च २०१८ रोजी सीबीएस चौकातून निघालेला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला आझाद मैदानावर पोहोचलेला तो मोर्चा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या किसान सभेने काढला होता, आणि तो पक्ष १९६४ साली उभा राहिला तोच मुळी भारतीय कम्युनिस्ट पक्षातील डांगे यांच्या नेतृत्वाला विरोध करून. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची जी आदिवासी माणसे कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मागण्यासाठी तुटक्या चपलांनी चालली आणि दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच कापून गेली, त्यांच्या लढ्याचे मूळ १९४५ च्या तलासरी-डहाणूकडील वारली उठावात, म्हणजे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या कामात शोधावे. गोदाकाठच्या मुलाला निदान हे नाव लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

डांगे यांचे खरे क्षेत्र गिरणगाव. १९२८ साली मालकांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवायला लावण्याचा घाट घातला, तेव्हा मुंबईतील सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने संपावर राहिले, आणि त्या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्ष संपेपर्यंत पन्नास हजारांवर गेली. डांगे त्या युनियनचे सरचिटणीस होते. खात्याखात्यातील कामगार निवडून गिरणी समित्या बनवायच्या आणि जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातातली सत्ता त्यांच्याकडे आणायची, ही त्या युनियनची रीत मला कोणत्याही गाजलेल्या भाषणापेक्षा मोलाची वाटते. पुढे १९४० मध्ये पुन्हा संप झाला तो महागाई भत्त्यासाठी. आज सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपत्रकावर मूळ वेतनाखाली या भत्त्याची वेगळी ओळ दिसते. ती एकट्या डांगे यांच्यामुळे आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ती मागणी रेटणाऱ्यांत ते पुढे होते. मुलाने ते पत्रक प्रत्यक्ष पाहावे आणि मग बोलावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील त्यांचा वाटा आणि १९५७ साली मुंबईतून लोकसभेवर झालेली निवड आपल्याकडे पुष्कळ सांगितली जाते, म्हणून इथे तिचा विस्तार करीत नाही.

आता वादाविषयी. टाळू नये. कम्युनिस्टांवर भरलेल्या कानपूर कटाच्या खटल्यात १९२४ साली तुरुंगात असताना डांगे यांनी इंग्रज सरकारला सहकार्य देऊ करणारी पत्रे लिहिली, असा आरोप १९६४ मध्ये झाला, आणि ती पत्रे बनावट असल्याचे त्यांनी सांगितले. या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, निकाल मात्र देऊ नये. भारतीय कम्युनिस्ट पक्ष निव्वळ पत्रांमुळे फुटला, असे लिहिणेही चूक ठरेल, कारण १९६२ चे चीन युद्ध आणि काँग्रेसशी कसे वागावे यावरचे मतभेद आधीपासूनच विकोपाला गेले होते. आणीबाणीबद्दल मात्र संदिग्धता नाही: डांगे यांनी तिला पाठिंबा दिला, पुढे पक्षाने ती भूमिका चुकीची ठरवली तरी काँग्रेसशी जवळीक राखण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही, आणि १९८१ साली त्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. स्पर्धेला वेळ पाचच मिनिटे असेल, तर जन्मगावाचे कौतुक कमी करून ही वाक्ये ठेवावीत.