आधी चित्रं, मग पटकथा

प्रश्न: 15 मिनिटांच्या शॉर्टफिल्मची गोष्ट डोक्यात आहे, बापलेकीचं भांडण आणि शेवटी समेट. पण लिहायला बसलं की नुसते डायलॉगच येतात, पानंच्या पानं. काय करू?

उत्तर: लॅपटॉप बंद करा आधी, खरंच सांगतोय. पोस्टकार्डाएवढे कागद कापा आणि एका कागदावर एकच चित्र काढा, चित्रकला येत नसली तरी चालेल, काड्यांची माणसं पुरेत, फक्त कोण कुठे उभंय, कोण कोणाकडे बघतंय आणि कॅमेरा जवळ आहे का लांब एवढं कळलं पाहिजे. डायलॉग एकही लिहायचा नाही.

आता तुमचं भांडणच घ्या. टेबलावर फोन वाजतोय, स्क्रीनवर मुलीचं नाव, बाप बघतो आणि फोन पालथा घालतो. झालं की भांडण सांगून! मग शेवटी तोच फोन तो सुलटा ठेवून बसलेला दिसला तर समेटासाठी अर्धं पान बोलायची गरजच उरत नाही.

सगळे कागद जमिनीवर मांडा, जागा बदलून बघा, आणि गोष्ट माहीत नसलेल्या कोणाला तरी नुसते दाखवा. जिथे तो अडतो तिथे एकतर चित्र कमी पडतंय नाहीतर तिथे डायलॉग खरंच हवाय, आणि माझ्या मते तेवढेच डायलॉग लिहावेत. सत्यजित राय यांनीसुद्धा ‘पथेर पांचाली’ची (1955) रीतसर पूर्ण पटकथा लिहिली नव्हती, त्यांच्याकडे स्केचेस आणि टिपणं होती.

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, त्यामुळे तुमची पटकथा 15 पानांच्या आसपास बसायला हवी.